अध्यापन, प्रशासन आणि मास्टर्स जलतरण : डॉ. रॅन्सम आर्थर यांच्याविषयी विचारणा

बालरोग_विभाग यांचा प्रश्न

नमस्कार. मी महाराष्ट्रातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोगशास्त्राची प्राध्यापक असून काही वर्षांपासून उपअधिष्ठातापदाचे कामही पाहते. विद्यार्थिदशेत मी विद्यापीठाच्या जलतरण संघात होते, परंतु पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले तेव्हा पोहणे सुटले ते सुटलेच. आता माझे वय ५४ आहे. मध्यंतरी अनेकदा तलावाचे सभासदत्व घेतले, काही आठवडे नेमाने गेलेही, आणि मग कधी विद्यापीठाच्या परीक्षा, कधी वैद्यकीय आयोगाची तपासणी, कधी निवासी डॉक्टरांचा संप अशा कारणांनी ते पुन्हा बंद पडले. व्यायामाचे फायदे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही, कारण तेच मी दिवसभर इतरांना समजावून सांगत असते. माहिती असूनही सातत्य राहत नाही, ही माझी खरी अडचण आहे.

अलीकडे एका परिषदेत असे ऐकले की प्रौढांच्या स्पर्धात्मक जलतरणाची, म्हणजे ज्याला मास्टर्स जलतरण म्हणतात त्याची, अमेरिकेतील सुरुवात एका मनोविकारतज्ज्ञाने केली आणि हेच गृहस्थ पुढे एका वैद्यकीय महाविद्यालयाचे डीन झाले. त्यांचे नाव डॉ. रॅन्सम आर्थर असे सांगितले गेले. एका वैद्यकाला प्रौढांसाठी थेट स्पर्धा भरवाव्या असे का वाटले असावे, हे जाणून घेण्याची मला उत्सुकता आहे. त्याच अनुषंगाने हेही विचारते की माझ्यासारख्या व्यक्तीने या वयात स्पर्धेच्या वाटेला जावे, की निवांत पोहण्यावर समाधान मानावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कॅलिफोर्नियावासी यांचे उत्तर

मॅडम, नमस्कार. मी येथील एका मास्टर्स क्लबात पोहतो आणि डॉ. आर्थर यांचे नाव येथे प्रत्येक जुन्या सभासदाच्या तोंडी असते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देण्याचा प्रयत्न करतो.

डॉ. आर्थर हे अमेरिकी नौदलातील मनोविकारतज्ज्ञ होते, कॅप्टन या हुद्द्यापर्यंत पोहोचले होते, आणि १९७० च्या सुमारास सॅन डिएगो येथे नौदलाच्या मनोविकार संशोधन केंद्राचे प्रमुख होते. त्या काळात नौदलाला एक अतिशय व्यावहारिक प्रश्न पडलेला होता : एकाच जहाजावर, एकाच आहारावर आणि एकाच कामावर असलेल्या खलाशांपैकी काही जण वारंवार आजारी का पडतात आणि काही जण मुळीच का पडत नाहीत? थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोघांनी १९६७ मध्ये आयुष्यातील उलथापालथींना गुण देणारी जी मोजपट्टी प्रसिद्ध केली, ती आपल्याला वैद्यकीय अभ्यासक्रमातून माहीत असेलच. तीत जोडीदाराच्या मृत्यूला १०० आणि विवाहाला ५० गुण आहेत. यांतील राहे हे नौदलात डॉ. आर्थर यांचे सहकारी होते. तीन जहाजांवरील सुमारे अडीच हजार खलाशांच्या आयुष्यात सफरीपूर्वी कोणकोणते बदल घडले होते याची त्यांनी नोंद केली आणि सहा ते आठ महिन्यांच्या सफरीत जहाजाच्या दवाखान्यात कोण किती वेळा आले, याच्याशी ती ताडून पाहिली. ज्यांच्या आयुष्यात अधिक उलथापालथ झाली होती ते अधिक आजारी पडले, असा निष्कर्ष १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. हा संबंध फार बळकट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी तो आहे त्यापेक्षा मोठा करून सांगितला जातो.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, ज्या डॉक्टराचा दिवस निरोगी माणसे आजारी का पडतात या विचारात जात होता, आणि जो स्वतः पोहणारा होता, त्याचे लक्ष प्रौढांच्या शरीराकडे कसे वळले असेल ते यावरून समजते. त्या वेळी अमेरिकेतील जलतरणपटू महाविद्यालय संपताच, म्हणजे एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, निवृत्त होत असे. त्यानंतर त्याच्यासाठी ना प्रशिक्षक होता, ना स्पर्धा, ना तलावातील राखीव वेळ. हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर हे त्याच सुमारास पळण्याचा आणि एरोबिक व्यायामाचा प्रसार करीत होते, परंतु डॉ. आर्थर यांचा मार्ग थोडा निराळा होता. स्पर्धेचे उद्दिष्ट समोर असले तर प्रौढ माणूस सराव टिकवील आणि त्यातून त्याची प्रकृती सुधारेल, असे त्यांचे म्हणणे होते. पदक हे त्यांच्या दृष्टीने औषध पोटात जावे यासाठी दिलेले अनुपान होते.

ही कल्पना त्यांनी जॉन स्पॅनुथ यांच्यापुढे मांडली. स्पॅनुथ हे त्या वेळी अमेरिकेतील जलतरण प्रशिक्षकांच्या संघटनेचे अध्यक्ष होते आणि टेक्सासमधील अमारिलो येथे तलाव सांभाळत होते. अमारिलो हे गाव समुद्रापासून शेकडो मैल दूर, सपाट गवताळ प्रदेशात आहे; जगभर पसरलेल्या एका जलक्रीडा चळवळीचा उगम तेथे असावा याची मला नेहमी गंमत वाटते. २ मे १९७० रोजी तेथे पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा झाली आणि तिला पंचविशी ओलांडलेले ४६ जलतरणपटू आले. पुढच्याच वर्षी ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियन या तेव्हाच्या शिखर संस्थेने या उपक्रमाला मान्यता दिली.

त्यांच्या शैक्षणिक कारकिर्दीविषयी आपण ऐकले ते बरोबर आहे. नौदलानंतर ते लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि त्यानंतर पोर्टलंड येथे ओरेगनच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठातील वैद्यकीय शाखेचे डीन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९७३ पासून दिला जातो आणि तो अमेरिकेतील मास्टर्स जलतरणाचा सर्वोच्च सन्मान मानला जातो. हा पुरस्कार सर्वांत वेगवान जलतरणपटूला मिळत नाही. वर्षानुवर्षे विनावेतन स्पर्धा भरवणाऱ्या, नोंदी ठेवणाऱ्या आणि नवख्यांना पाण्यात आणणाऱ्या कार्यकर्त्याला तो मिळतो. स्वतः प्रशासक असलेल्या माणसाच्या नावाला हे शोभून दिसते.

हृद्गती यांचे उत्तर

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाच्या वैद्यकीय बाजूपुरते लिहितो.

वयानुसार पोहण्याचा वेग किती कमी होतो, याविषयी सर्वांत उपयुक्त माहिती मास्टर्स स्पर्धांच्याच नोंदींतून मिळाली आहे. हिरोफुमी तनाका आणि डग्लस सील्स यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतील मास्टर्स अजिंक्यपद स्पर्धांमधील वेळा तपासल्या, तेव्हा असे दिसले की पस्तिशी-चाळिशीनंतर कामगिरी हळूहळू आणि जवळजवळ सरळ रेषेत घटत जाते, आणि तिची घसरण झपाट्याने वाढते ती सत्तरीच्या सुमारास. ५० मीटरमधील घट १,५०० मीटरपेक्षा कमी होती. मात्र ५० मीटरमध्ये स्त्रियांमधील घट पुरुषांपेक्षा अधिक होती. अर्थात हे आकडे सातत्याने सराव करणाऱ्यांचे आहेत. मधली तीस वर्षे खुर्चीत गेलेल्या व्यक्तीच्या बाबतीत वयाचा भाग किती आणि खुर्चीचा किती हे आधी सांगता येत नाही, आणि म्हणूनच पहिल्या वर्षात सुधारणेला भरपूर वाव असतो.

रक्तदाबाच्या बाबतीतही पुरावा चांगला आहे. पन्नाशीपुढील, रक्तदाब किंचित वाढलेल्या व्यक्तींना बारा आठवडे नियमित पोहायला लावले असता सिस्टॉलिक, म्हणजे वरचा, रक्तदाब सरासरी नऊ अंकांनी उतरल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मात्र हाडांच्या घनतेसाठी पोहण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण पाण्यात शरीराचा भार हाडांवर पडत नाही. आपले वय लक्षात घेता पोहण्याच्या जोडीला वजनांचा व्यायाम हवाच. तो खांद्यांचेही रक्षण करील. मास्टर्स जलतरणपटूंची सर्वांत नेहमीची तक्रार खांद्याचीच असते, आणि जुन्या खेळाडूंना ती अधिक भोवते, कारण हातांना जुनी लय आठवत असते पण स्नायुबंधांना तो भार पेलवत नाही.

सुरुवातीपूर्वी रक्तदाब, इसीजी आणि आवश्यक वाटल्यास ताणचाचणी (श्रम करताना घेतलेला इसीजी) करून घ्यावी. इसीजीमध्ये क्यूटी अंतर, म्हणजे ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, मुद्दाम पाहावे. हे अंतर लांबण्याच्या पहिल्या प्रकारच्या अनुवंशिक विकारात पोहणे हे अतालतेचे, म्हणजे हृदयाची लय बिघडण्याचे, प्रसिद्ध निमित्त आहे, हे बालरोगतज्ज्ञाला मी सांगायला नको. घरात कोणाचा पाण्यात अकस्मात मृत्यू झाला असल्यास तो योगायोग समजू नये. नाडीच्या आकड्यांवरून सराव करणार असाल तर जमिनीवरचे आकडे पाण्यात वापरू नयेत. पाण्यात आडव्या स्थितीत रक्त छातीकडे सरकते, हृदयाचा प्रत्येक ठोका अधिक रक्त फेकतो, आणि त्यामुळे तेवढ्याच परिश्रमाला नाडी मिनिटाला दहाएक ठोक्यांनी कमी राहते. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही त्यांनी थंड पाण्यात एकदम जोर करू नये, कारण याच सरकलेल्या रक्तामुळे क्वचित फुप्फुसांत पाणी उतरते. पोहताना अचानक धाप आणि फेसाळ खोकला सुरू झाला, तर तो दमाच समजून पोहत न राहता पाण्याबाहेर यावे.

लेन_चार यांचे उत्तर

मी प्रशिक्षक आहे. वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत असून केवळ सरावाविषयी भर घालतो.

आपल्याकडील अडचण वैद्यकीय कमी आणि तलावाची अधिक असते. महापालिकेच्या तलावावर पाऊण तासाची बॅच असते, तीत कोणी उभे पोहते, कोणी आडवे, आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळी शिबिरांमुळे हात मारायलाही जागा उरत नाही. म्हणून सर्वप्रथम असा तलाव शोधावा, जेथे पहाटेच्या पहिल्या बॅचला किंवा सभासदांच्या राखीव वेळेला दोन लेन तरी दोरी बांधून मिळतात. एकट्याने गेल्यास तलावाचे व्यवस्थापक दाद देत नाहीत. चाळिशीपुढचे सहा-सात जण एकत्र अर्ज घेऊन गेले तर देतात, असा माझा अनुभव आहे.

आठवड्यातून तीन दिवस पुरे होतात. आपल्यासारख्या व्यग्र व्यक्तीने न थांबता लांबच लांब पोहत राहण्याचा मोह टाळावा, कारण दम संपला की शैली बिघडते आणि बिघडलेली शैलीच पक्की होते. त्यापेक्षा पन्नास मीटरचे आठ तुकडे, प्रत्येकानंतर वीस सेकंद विश्रांती, आणि प्रत्येक तुकड्यात हात किती वेळा मारले ती संख्या मोजणे, हा सराव अर्ध्या तासात बसतो. वेळ न वाढता हातांची संख्या कमी झाली, तर समजावे की पाण्यावरची पकड परत येत आहे. श्वास रोखून लांब अंतर कापण्याचे जे सराव तरुण मुले हौसेने करतात, ते आपण करू नयेत आणि आपल्या विद्यार्थ्यांनाही करू देऊ नयेत. जोरजोरात श्वास घेऊन मग बुडी मारल्यावर धाप लागण्याची सूचना मिळण्याआधीच शुद्ध हरपते आणि जीवरक्षकाला बराच वेळ काही लक्षातही येत नाही.

स्पर्धेच्या नियमांची भीती बाळगू नये, कारण मास्टर्सचे नियम प्रौढ शरीराचा विचार करून केलेले आहेत. शर्यतीची सुरुवात ठोकळ्यावरून उडी मारून करता येते, तशीच तलावाच्या काठावरून किंवा पाण्यातच भिंतीला धरूनही करता येते. बटरफ्लायमध्ये ज्यांच्या कमरेला डॉल्फिनसारखी लाथ मारणे झेपत नाही, त्यांना ब्रेस्टस्ट्रोकची लाथ चालते. निरनिराळ्या वयोगटांचे आणि स्त्री-पुरुषांचे स्पर्धक एकाच हीटमध्ये (एका वेळी सुटणाऱ्या तुकडीत) पोहू शकतात, मात्र निकाल प्रत्येक गटाचा वेगळा लागतो. त्यामुळे शेजारच्या लेनमध्ये तीस वर्षांचा तरुण असला तरी आपला त्याच्याशी संबंध नसतो. भारतीय जलतरण महासंघाच्या राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा होतात आणि त्यांची वाट राज्य संघटनेमार्फत जाते. सुरुवातीला ५० मीटर फ्रीस्टाइल आणि ५० मीटर बॅकस्ट्रोक या दोनच शर्यतींत नाव द्यावे.

काठावरचा यांचे उत्तर

मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. मी वीसेक वर्षे रोज पोहतो आणि एकाही स्पर्धेत उतरलेलो नाही. मॅडमच्या दिवसात आधीच तपासण्या, परीक्षा, मूल्यांकन आणि क्रमवारी यांची गर्दी आहे. वैद्यकीय क्षेत्रातील माणसे लहानपणापासून गुणवत्ता यादीत वाढलेली असतात. त्यांच्या हाती घड्याळ दिले की विरंगुळ्याचीही परीक्षा होते. पोहण्याचा मला जो लाभ झाला तो मुख्यतः त्या पाऊण तासात कोणी काही मोजत नाही, याचाच झाला. ज्या माणसाने ताणाचा अभ्यास केला त्यानेच प्रौढांच्या गळ्यात स्पर्धा बांधावी, हे मला तरी विसंगत वाटते.

बालरोग_विभाग

सर्वांचे मनापासून आभार. काठावरचा यांची शंका मलाही आली होती, परंतु माझ्या बाबतीत न मोजता पोहण्याचा प्रयोग पुन्हा पुन्हा बंद पडलेला आहे, हेही खरे आहे. प्रशासनाच्या कामात ज्या गोष्टीला तारीख नसते ती गोष्ट होत नाही, याचा अनुभव मी रोज घेते. नस्तीवर मुदत लिहिलेली असेल तरच ती हलते.

एक संकोच मात्र मोकळेपणाने सांगते. आमच्या गावात लेनचा तलाव एकच आहे आणि तेथे आमचेच निवासी डॉक्टर व विद्यार्थी येतात. ज्यांची मी तोंडी परीक्षा घेते त्यांच्यासमोर धापा टाकत लेनच्या टोकाला थांबणे मला अवघड वाटते. पदावर असलेल्या इतर कोणी हे कसे निभावले?

कॅलिफोर्नियावासी

काठावरचा यांच्या आक्षेपाला अमेरिकेतही मोठी परंपरा आहे. येथील मास्टर्स संघटनेच्या सभासदांत वर्षभरात एकाही शर्यतीत न उतरणारे पुष्कळ असतात, आणि त्यांना कोणी दुय्यम मानत नाही. त्यांना प्रशिक्षक आणि सोबती हवे असतात, एवढेच. तेव्हा स्पर्धा गळ्यात बांधली जाते हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. ती उपलब्ध असते, आणि ज्यांना तिच्यावाचून सातत्य राखता येत नाही त्यांना ती आधार देते. मॅडम स्वतःच सांगत आहेत की त्या दुसऱ्या प्रकारातल्या आहेत. शिवाय शैक्षणिक क्रमवारीत आणि या क्रमवारीत एक मोठा फरक आहे : येथील निकालावर कोणाची बढती, अनुदान किंवा नेमणूक अवलंबून नसते. आयुष्यभर परिणाम भोगाव्या लागणाऱ्या परीक्षा दिलेल्या माणसाला परिणाम नसलेली परीक्षा किती हलकी वाटते, हे मी आमच्या क्लबातील दोन विभागप्रमुखांमध्ये प्रत्यक्ष पाहतो.

संकोचाबद्दल सांगायचे तर आमच्या लेनमध्ये एक शल्यविशारद प्राध्यापिका आणि त्यांचाच निवासी डॉक्टर एकत्र पोहतात. लेनमध्ये क्रम वेगाने लागतो, त्यामुळे तो पुढे असतो आणि त्या मागे. पहिल्या आठवड्यात तो बिचारा भिंतीशी थांबून त्यांना वाट देत असे. शेवटी त्यांनीच त्याला बजावले की, तू थांबलास की माझी लय तुटते. त्यानंतर हा विषय पुन्हा निघाला नाही. विद्यार्थ्यांना आपली धाप दिसेल हे खरे, पण ती त्यांनाही लागलेली असते.

हृद्गती

एका उदाहरणाची भर घालतो. जपानच्या मिएको नागाओका यांनी ऐंशी ओलांडल्यानंतर गुडघ्याच्या दुखण्यासाठी पोहायला सुरुवात केली, आणि २०१५ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्या १,५०० मीटर फ्रीस्टाइलची शर्यत बॅकस्ट्रोकने पूर्ण करून आल्या. त्यांना १ तास १५ मिनिटे ५४ सेकंद लागले. शंभरीत हे अंतर स्पर्धेत पार करणाऱ्या त्या पहिल्याच व्यक्ती होत्या. ५४ व्या वर्षी उशीर झाला असे वाटत असल्यास हा आकडा लक्षात असावा. मात्र इसीजी आधी काढावा, हे पुन्हा सांगतो.

लेन_चार

जाता जाता एक व्यावहारिक सूचना. जागतिक नियमांनुसार मास्टर्समधील वयोगट पंचविसाव्या वर्षापासून पाच-पाच वर्षांचे असतात आणि स्पर्धकाचे वय स्पर्धेच्या दिवशी किती आहे हे न पाहता त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला किती होते ते पाहिले जाते. आपण पुढील वर्षी कधीही ५५ पूर्ण करणार असाल, तर १ जानेवारीपासूनच आपण ५५ ते ५९ या गटात जाल आणि त्या गटातील सर्वांत तरुण स्पर्धकांपैकी एक असाल. या क्षेत्रातील जुनी मंडळी पुढच्या गटात जाण्याची चक्क वाट पाहतात. तेव्हा यंदा नाव देण्याची घाई करू नये. पावसाळ्यानंतर सराव सुरू करावा, डिसेंबरात सोबत्यांच्या हाती घड्याळ देऊन ५० मीटरची वेळ घ्यावी, आणि जानेवारीनंतर जी पहिली राज्य स्पर्धा जाहीर होईल तिचा प्रवेशअर्ज भरावा. अर्जासोबत जन्मतारखेचा पुरावा आणि वैद्यकीय दाखला मागितला जाऊ शकतो; दाखला स्वतःच्या सहीने न देता दुसऱ्या डॉक्टरकडून घ्यावा.